काट्यावर आधी बाई उभ्या राहायच्या

बातमी आली ती माजी विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर. मी तेव्हा मैदानावर सहावीच्या मुलांना रांगेत उभं करत होतो. 'आपल्या शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या शिक्षिका श्रीमती महानंदा बिराजदार यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले.' खाली कुणीतरी विचारलं, 'कोणत्या बिराजदार बाई?' दुसऱ्यानं लिहिलं, 'अरे, क्विंटल बाई.' आणि मग मात्र धडाधड सगळ्यांना ओळख पटली. 'अरेरे', 'लई चांगल्या होत्या', 'आमच्या वेळी पण होत्या की', हात जोडलेली चित्रं... नाव, आडनाव, विषय सांगून जे कळलं नव्हतं ते त्या एका शब्दानं कळलं. त्या शब्दावर कुणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. मी हात जोडल्याचं चित्र टाकलं, मोबाइल खिशात घातला आणि मुलांना 'सावधान' म्हणालो.

याला आता पाच आठवडे झाले. तो शब्द माझ्या तोंडातून निघालेला आहे. आता शाळेत हे दोघा-तिघांना आठवत असेल, बाकी कुणाला नाही. मुलं अशी नावं ठेवतातच, असं समजून सगळे सोडून देतात. मीही बरीच वर्षं तसंच समजून चाललो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या शाळेत आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो. मी खेळाचा शिक्षक, बाई विज्ञानाच्या. त्या माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, घरात कानडी. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला 'तम्मा' म्हणायला सुरुवात केली. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मुलांसमोर 'सर, तुम्ही', आणि शिक्षकांच्या खोलीत दोघंच असलो की 'तम्मा, हितं बस की. चटणी चाखून बघ, आज तिखट झालीय.' मला सख्खी बहीण नाही. मला ते फार आवडायचं, पण मी तसं कधी बोलून दाखवलं नाही.

दर बुधवारी मधल्या सुट्टीत बाई पाचवीच्या वर्गात मुलांबरोबर जमिनीवर गोल करून जेवायच्या. हा त्यांचा स्वतःचा उपक्रम, कुणी सांगितलेला नव्हता. तेव्हा डब्यांमध्ये मसाल्याच्या शेवया, क्रीमची बिस्किटं, रंगीत कुरकुरीत पाकिटं यायला लागली होती. आई विड्या वळायला किंवा यंत्रमागावर कामाला गेलेली. पोरांच्या हातात दुकानातलं पाकीट देणं सोपं. बाईंनी कुणाचं पाकीट कधी काढून घेतलं नाही. 'आधी घरचे दोन घास, मग तुझं पाकीट. आणि दुसऱ्याच्या डब्याला नाव ठेवायचं न्हाई,' एवढे दोनच नियम. त्या स्वतः कडक भाकरी आणायच्या आणि मुलांना ती मुठीनं आमटीत चुरायला लावायच्या. कुणाची जास्त वाजते याची शर्यत. भाकरीची लाज वाटणारी पोरं चार बुधवारांत घरी भाकरी मागायला लागली. एकदा त्यांनी थंड पेयाची बाटली आणि साखरेचा डबा आणला, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि विचारलं, "या बाटलीत साखर किती? सांगा बघू." "दोन चमचे!" पोरं ओरडली. बाई एकेक चमचा साखर कागदावर टाकत गेल्या. पोरं आधी हसत मोजत होती, मग नुसती मोजत होती, मग मोजायची थांबली. बाईंचा चमचा थांबेना. शेवटी एक पोरगी म्हणाली, "बाई, ही आता वाया जाणार का? माझ्या हातावर द्या की!" बाई अशा हसल्या, अशा हसल्या की चमचा हातातून पडला. मी दारात उभा राहून बघत होतो. मुलांना असं शिकवता येतं हे मला त्या दिवशी दिसलं होतं. तरी मी नंतर जे केलं ते केलं.

बाई जाड होत्या. त्यांना लहानपणापासून दमा. त्यासाठी वर्षानुवर्षं ज्या गोळ्या घेतल्या त्यांनी अंग सुजत गेलं. हे मला त्यांनीच सांगितलं होतं. एकदा दोन जिने चढून त्या पायरीवर बसल्या होत्या. मी पाणी आणलं. "गोळी घेतली तर फुगते, न्हाई घेतली तर मरते. तूच सांग तम्मा, काय करू?" असं म्हणून हसल्या. मुद्दाम लिहितोय, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला ठेवायची नाही.

नऊ वर्षांपूर्वी संस्थेच्या बैठकीत कुणीतरी मुलांच्या वाढत्या लठ्ठपणाचा विषय काढला आणि शाळेला एक वजनकाटा मिळाला. मुख्याध्यापकांनी तो माझ्या ताब्यात दिला. वर्षअखेरीला संस्थेचे लोक तपासणीला येणार होते, तोपर्यंत 'दिसेल असं काहीतरी' करायचं होतं. मी व्हरांड्यात मोठा फळा लावून घेतला. पाचवी ते सातवीच्या मुलांची नावं ऑइलपेंटनं, पुढं वजनाचा आकडा खडूनं. ठीक असेल तर हिरव्या खडूनं, जास्त असेल तर लाल. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रार्थना झाली की सगळ्यांसमोर वजन करायचं आणि मोठ्यानं वाचायचं. डबेही मीच तपासायचो. फेरीला निघालो की एखादा डबा उचलून वर्गाला दाखवायचो, "बघा, हे खातात साहेब."

बैठकीत बाई एकट्या विरोधात बोलल्या. "वजन घ्या सर, माझी ना न्हाई. पण वाचून दाखवू नका. ज्याचं त्याच्या कानात सांगा."

मी म्हणालो, "लाज वाटल्याशिवाय पोरं सुधारत नाहीत बाई. मी स्वतः गुबगुबीत होतो. मोहोळच्या शाळेत गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर माझ्या पोटाला चिमटे काढले, म्हणून आज हा असा आहे."

"मग अजून हजेरीवही पोटावर धरून का चालता?" बाई म्हणाल्या.

त्या चिडून बोलल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. पण बाकीचे हसले. मी पोटाशी धरलेली हजेरीवही टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "बाईंना काटा नको वाटणारच म्हणा." आता ते जास्त हसले. विषय तिथं मिटला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही.

पहिला शनिवार आला. मुलांना आधीच कळलं होतं. काही पोरं सकाळपासून पाणी न पिता आली होती. रांगेत उभं राहून कंपासपेटी खिशातून काढून मित्राकडं देत होती, आणि दोघं-तिघं काट्यावर चढायच्या आधी मोरीत जाऊन थुंकून आली. मला ते गंमतीचं वाटलं. सातवीतली भाग्यश्री रांगेत होती. विणकराच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी, अभ्यासात हुशार, अंगानं जाड. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती पुढं आली आणि काट्याजवळ थांबली. पाय उचलेना. मागून हसण्याचा आवाज यायला लागला. मी म्हणालो, "चढ की! काटा मोडला तर दुसरा आणू." सगळी शाळा हसली. मी तिचा दंड धरून ओढला. तेवढ्यात शिक्षकांच्या ओळीतून बाई आल्या. त्यांनी चप्पल काढली, भाग्यश्रीला हातानं बाजूला केलं आणि स्वतः काट्यावर उभ्या राहिल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आधी माझं घ्या, सर. वाचा."

वाचणं मला टाळता येत होतं. 'बाई, उतरा' म्हणता येत होतं. मुख्याध्यापक मान खाली घालून उभे होते, त्यांनाही मी काहीतरी करून हे मिटवावं असंच वाटत होतं. पण मला हजेरीची ती गोष्ट आठवली. मी वाकलो, काटा बघितला, सरळ झालो आणि पूर्ण आवाजात, कवायतीच्या आवाजात म्हणालो, "जवळजवळ क्विंटल!"

असा हशा मी त्या शाळेत कधी ऐकला नव्हता. मीही हसलो. बाई उतरल्या, चप्पल घातली आणि म्हणाल्या, "आता फळ्यावर लिहा." मी लिहिलं. सगळ्यात वर, लाल खडूनं. त्यानंतर भाग्यश्री काट्यावर चढली तेव्हा मुलं हसून दमली होती. तिचा आकडा कुणी नीट ऐकलासुद्धा नाही.

त्या वर्षी दर पहिल्या शनिवारी बाई रांगेच्या आधी येऊन काट्यावर उभ्या राहिल्या. कुणी बोलावलं नव्हतं. मी वाचायचो, पोरं हसायची, मग एकेक मूल यायचं आणि त्याच्या वाट्याला थोडंसंच हसू उरायचं. बाई कशासाठी उभ्या राहत होत्या हे मला कळायला फार उशीर लागला. तेव्हा मला वाटायचं, बाई मला खिजवतात. म्हणून मी दर वेळी वाचताना एखादा शब्द जोडायचो. आणि त्यांचं वजन महिन्या-महिन्याला थोडं उतरायला लागलं तेव्हा मी सगळ्या शाळेला सांगितलं, "बघा, बाईंनासुद्धा काट्यानं सुधारलं!"

भाग्यश्रीचं वजन तर झरझर उतरलं. तपासणीच्या आधीच्या शनिवारी मी तिला पुढं बोलावलं, लाल आकडा पुसून हिरवा लिहिला आणि शाळेला टाळ्या वाजवायला लावल्या. ती उभी होती, ओठ पांढरे. त्याच दुपारी बाईंनी मला पाण्याच्या टाकीमागं बोलावलं.

"तम्मा, ती पोरगी जेवत न्हाई. डबा कुत्र्याला घालती. मी दोनदा बघितलं. तिच्या आईला सांगूया, डॉक्टरला दाखवूया. टाळ्या वाजवू नकोस रे."

मी म्हणालो, "तपासणी होऊ द्या, मग बघू."

"तोवर पडंल ती."

"बाई, तुमचं व्हायचं नाही ते त्या पोरीनं करून दाखवलं. ते तुम्हाला बघवत नाही. एवढंच आहे."

  बाई "बरं, सर," म्हणाल्या आणि गेल्या.

तपासणीच्या दिवशी कवायतीत भाग्यश्री पडली. पुढचे दोन दात पायरीवर आपटून तुटले. पाहुण्यांना 'ऊन लागलं' असं सांगितलं गेलं. सांगणारा मीच. तिला घेऊन दवाखान्यात गेल्या त्या बाई. डॉक्टरांनी काय ते सांगितलं, आणि तिच्या वडिलांनी तिचं नाव शाळेतून काढून घेतलं. काटा सामानाच्या खोलीत गेला. मला कुणी काही विचारलं नाही. पुढं मी पर्यवेक्षकही झालो.

बाईंनी तक्रार केली नाही. माझ्याशी अबोला धरला नाही. सणावाराला घरचे शेंगदाण्याचे लाडू माझ्या टेबलावर ठेवायच्या, वेळापत्रकाचं बोलायच्या. फक्त त्यानंतर मी कधी तम्मा झालो नाही. खोलीत दोघंच असलो तरी 'सर'. आठ वर्षं मी त्या एका शब्दाची वाट बघितली आणि आठ वर्षं स्वतःला सांगितलं की एवढं काय त्यात... 'चुकलो' म्हणायला मला त्यांच्या टेबलापर्यंत दहा पावलं चालायची होती.

शेवटी ती पावलं मी दवाखान्यात चाललो. त्यांचा दमा बळावला होता, नाकावर नळी होती, अंग पार उतरलं होतं. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. "बसा, सर," त्या म्हणाल्या. मी बसलो आणि पाठ करून आणल्यासारखं सगळं बोललो. क्विंटल, टाळ्या, टाकीमागचं बोलणं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग नळी जरा बाजूला करून विचारलं, "तो आकडा खडूनंच लिहिला होता ना?"

"हो."

"मग ओला फडका पुरला असता, सर. वर्षभर रोज व्हरांड्यातून जाताना वर बघायचे मी. वाटायचं, आज पुसला असंल."

मी म्हणालो, "बाई, मला माफ करा."

"आता मला दम लागतो बोलताना," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडं तोंड केलं. त्या खरंच दमल्या होत्या की ते उत्तर होतं, हे मी गेले कित्येक दिवस ठरवू शकलेलो नाही. मुलगा आला, मी उठलो. नंतर पुन्हा जायचं धैर्य झालं नाही.

बाई लिंगायत, त्यांच्यात मृताला बसवून पुरतात. खड्ड्याभोवती आम्ही उभे होतो. माझ्या शेजारी दोन जुने विद्यार्थी, आता पोटं सुटलेले, चांगल्या नोकऱ्यांत असलेले. एकानं दुसऱ्याच्या कानात म्हटलं, "खड्डा मोठा घ्यावा लागला असंल की." मग माझं लक्ष आहे हे बघून तो हसला. ते हसणं माझ्यासाठी होतं. आपल्या सरांना आवडेल अशी गोष्ट सांगितल्यावर पोरगा हसतो, तसं. खाली बाई एवढ्याशा दिसत होत्या, खांद्यांवरून शाल घसरत होती. मी त्याला गप्प बस म्हणालो नाही. मूठभर माती टाकली आणि मागं सरलो.

बाहेर एक तरुण मुलगी वाट बघत होती. "सर, ओळखलं का?" पुढचे दोन दात बसवलेले होते, त्यावरून ओळखलं. भाग्यश्री. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करते.

"तुमी अजून शाळेतच आहे का?"

"हो."

"काटा?"

"गंजला. टाकून दिला."

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं. तिचं नाव शाळेतून काढल्यावर बाई सहा महिने रोज संध्याकाळी तिच्या घरी जात होत्या, आपला डबा घेऊन. "मला जेव म्हणायच्या नाहीत. माझ्यापुढं बसून हळूहळू एक-एक घास खायच्या. खाताना रडायच्या. मी विचारलं, बाई तुमाला काय झालं? तर म्हणाल्या, मी पण वर्षभर डबा टाकून देत होते गं. पोरांना जेवायला शिकवायची आणि मागं जाऊन आपला डबा ओतायची. आता मला पण शिकायचंय, तू शिकव. मग मी खाल्लं, सर. त्यांना शिकवायला म्हणून खाल्लं."

 दर महिन्याला उतरणारा तो आकडा मी मोठ्यानं वाचत होतो. अभिनंदन करत होतो.

"भाग्यश्री, माझं चुकलं गं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "व्हय," म्हणाली, आणि स्कूटी चालू करून गेली.

गेल्या बुधवारी मी माझा डबा घेऊन पाचवीच्या वर्गात गेलो. बाई निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी मुलं अजून गोल करूनच बसतात, हे मला लांबून माहीत होतं. मोठी मुलं जाताना लहानांना सांगून जातात, तसं ते चालत आलं आहे. मला वाटलं, आपण जाऊन बसावं. काही बोलायचं नाही, नुसतं जेवायचं. मी दारात दिसलो, आणि एका क्षणात सगळ्या डब्यांवर झाकणं बसली. कुणाच्या हातात घास होता, तो त्यानं मुठीत झाकला. मी सगळ्यात जवळच्या मुलीला विचारलं, "का गं झाकलंस?"

"असंच, सर."

"कुणी सांगितलं?"

तिनं इकडंतिकडं बघितलं. "ताईनं सांगितलंय. तिला तिच्या मैत्रिणीनं. सर आले की झाकायचं."

"अगं, मी जेवायला आलोय."

मी गोलात बसलो, माझा डबा उघडला. भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. मुलं बघत होती. मी एक घास खाल्ला. कुणी हललं नाही. पलीकडचा एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, तपासून झालं की आमी जेवू का? घंटा होईल."

मी डबा बंद केला आणि उठलो. माझ्या मागं वर्गात काहीच आवाज नव्हता. मी व्हरांड्याच्या वळणापर्यंत गेलो, भिंतीआड झालो, तेव्हा झाकणं एकदम निघाल्याचा आवाज आला, आणि मग कुणाची तरी कडक भाकरी मुठीत मोडली.